शिपायाचे कवच : सर रॉबर्ट पील यांचे चरित्र



यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य शाळेतील मुलांना चार अक्षरे शिकविण्यात गेलेले. तेव्हा पांडित्य दाखविण्याची आमची योग्यता नाही व तो हेतूही नाही. परंतु गेल्या वर्षी घडलेल्या एका प्रसंगामुळे ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही पुन्हा एकवार लक्षपूर्वक वाचले, ते आपणांपुढे ठेवावे असे मनापासून वाटते. तो पुरुष म्हणजे इंग्लंडचे पंतप्रधान व लंडनच्या पोलीसदलाचे जनक सर रॉबर्ट पील.

प्रसंग असा. आमच्या हाताखाली शिकलेला ज्ञातीतील एक तरुण पोलीसदलात शिपाई आहे. मिरवणुकीच्या बंदोबस्तावर असता जमावातून आलेला दगड लागून त्याच्या कपाळाला सात टाके पडले. आम्ही समाचारास गेलो. त्याच्या मातोश्रींनी आमच्यापुढे चहा ठेवला आणि शांतपणे एवढेच विचारले की, गुरुजी, माझा मुलगा लोकांच्या रक्षणासाठी उभा राहतो, मग त्याचे रक्षण कोणी करावयाचे? ज्या मुलाला आम्ही कर्तव्याचे धडे दिले, त्याच्या आईच्या या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तसेच घरी परतलो. पील यांचे चरित्र आम्ही पुन्हा उघडले ते या उत्तराच्या शोधात होय.

रॉबर्ट पील यांचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बरी या गावी झाला. घराणे सरदारांचे नव्हे, उद्योग्यांचे. आजोबांनी सुती कापडावर ठशांनी नक्षी छापण्याचा धंदा काढला व वडिलांनी तो भरभराटीस आणला. पुढे वडील पार्लमेंटात गेले आणि १८०० साली त्यांना पिढीजात सर ही पदवी मिळाली. गिरण्यांत राबणाऱ्या उमेदवार मुलांच्या आरोग्यासाठी १८०२ साली जो कायदा झाला, तो या गिरणीमालकानेच पुढे आणलेला होता. राबणाऱ्याची काळजी काम घेणाऱ्याने वाहावी, हा धडा पील यांना असा घरातच मिळाला.

हॅरो येथील शाळेत कवी बायरन हे त्यांचे समकालीन विद्यार्थी होते. ऑक्सफर्डला १८०८ साली प्राचीन वाङ्मय व गणित या दोन्ही विषयांत त्यांनी पहिला वर्ग मिळविला. एकविसाव्या वर्षी ते पार्लमेंटचे सभासद झाले आणि १८१२ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, आयर्लंडच्या कारभाराचे मुख्य सचिवपद त्यांच्याकडे आले. पुढे १८२० साली ज्युलिया फ्लॉईड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हिचे वडील जनरल फ्लॉईड हे टिपू सुलतानाविरुद्धच्या लढायांत लढलेले सेनापती होते.

आयर्लंडात त्या वेळी सारा असंतोष धुमसत होता. शेतकरी कॅथलिक, जमीनदार बहुधा प्रॉटेस्टंट, आणि मध्ये खंड व धर्मपट्टी यांचे ओझे. रात्री टोळ्या निघत, गंज्या पेटत, साक्षीदारांचे खून पडत. यावर उपाय म्हणून पील यांनी १८१४ साली कायदा करून एक सशस्त्र शांतिरक्षक दल उभारले. ज्या भागात अशांतता माजे तेथे हे दल पाठवावयाचे व त्याचा खर्च त्याच भागातील लोकांवर बसवावयाचा, अशी योजना होती. लोक या शिपायांना पीलर म्हणू लागले, परंतु त्या नावात प्रेम नव्हते. बाहेरून आलेला, बंदूक घेतलेला आणि आपल्याच पैशाने आपल्यावर बसविलेला शिपाई लोकांना परका वाटला. दलाच्या हाती शस्त्र होते, पण त्याला लोकांचा आधार नव्हता. हा अनुभव पुढील कथेसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

इ. स. १८२२ मध्ये पील इंग्लंडचे गृहमंत्री झाले. त्या काळी किरकोळ चोरीलाही फाशीची शिक्षा सांगितलेली असे. पील यांनी विखुरलेले फौजदारी कायदे एकत्र केले, अनेक गुन्ह्यांची देहांत शिक्षा काढली व तुरुंगांच्या सुधारणेचा कायदा १८२३ साली केला. परंतु शिक्षा सौम्य करावयाची तर गुन्हा मुळातच घडू नये अशी व्यवस्था हवी, आणि लंडनसारख्या अफाट शहरात ती नव्हती. रात्रीची राखण प्रत्येक वस्तीचे रखवालदार करीत. हे पुष्कळदा वृद्ध व अशक्त असत. हातात कंदील व काठी, आणि मदतीस हाक मारण्यासाठी लाकडी फिरकी, एवढेच त्यांचे साहित्य. श्रीमंतांच्या उनाड मुलांना रखवालदाराची लाकडी चौकी त्याच्यासकट उलथून टाकणे हा करमणुकीचा खेळ वाटे. रक्षकाला मारणे हा जेथे विनोद ठरतो, तेथे रक्षण कसले?

तरीही नवे पोलीसदल लोकांना नको होते. फ्रान्समधील हेरगिरी त्यांच्या ऐकिवात होती, आणि मँचेस्टरला १८१९ साली सभेवर घोडेस्वार घालून केलेली कत्तल त्यांच्या स्मरणात होती. पील यांची १८२२ मधील सूचना पार्लमेंटाच्या समितीने नाकारली. त्यांनी सात वर्षे धीर धरला. अखेर जून १८२९ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २९ सप्टेंबर १८२९ च्या सायंकाळी सुमारे एक हजार शिपाई प्रथमच लंडनच्या रस्त्यांवर गस्तीस निघाले. पुढील वर्षी ही संख्या तीन हजारांवर गेली. दलाच्या प्रमुखपदी कर्नल चार्ल्स रोवन हे सैनिक आणि रिचर्ड मेन हे वकील, अशी जोडी पील यांनी नेमली. एकाने शिस्त पाहावी व दुसऱ्याने कायदा, असा तो मेळ होता.

या योजनेचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. आयर्लंडचा अनुभव पील विसरले नव्हते. लंडनच्या शिपायाला नित्याच्या गस्तीवर बंदूक दिली नाही. सैन्याचा तांबडा रंग टाळून निळा अंगरखा दिला. गळपट्टीवर क्रमांक घातला, म्हणजे शिपायाने गैरवर्तन केल्यास त्याच्यावर बोट ठेवता यावे. लाकडी दंडुका दिला, तोही अंगरख्याच्या आड झाकून ठेवावयाचा. भरती करताना वय पस्तिसाच्या आत, उंची पाच फूट सात इंच, लिहिता-वाचता येणे व चालचलणुकीचा दाखला या अटी होत्या. गुन्हा घडू न देणे हे पहिले काम, असे लेखी सूचनांत सांगितले.

शिपायाच्या जिवाचाही विचार होता. गळा आवळू पाहणाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून गळ्याभोवती चामड्याचा रुंद पट्टा, डोक्यावरील आघात झेलण्यासाठी आतून मजबूत केलेली उंच टोपी, आणि शेजारच्या गस्तवाल्याला बोलाविण्यासाठी जुनी लाकडी फिरकी त्याच्यापाशी असे. गस्तीचा मार्ग ठरलेला व चाल ठरलेली असल्याने अमुक वेळी अमुक शिपाई कोठे असेल हे त्याच्या वरिष्ठास कळे. हा नियम कामचुकारांना पकडण्यासाठी होता हे खरे, परंतु संकटात सापडलेल्या शिपायाचा ठावठिकाणाही त्यामुळेच लागे.

एवढे करूनही प्रारंभीची वर्षे फार कठीण गेली. पहिल्याच दिवशी काही शिपाई दारू पिऊन आले व बडतर्फ झाले. आठवड्यास एकवीस शिलिंग पगारावर थंडी-पावसात मैलोगणती चालणे पुष्कळांना झेपेना. लोक भर रस्त्यात शिव्या देत. २९ जून १८३० रोजी सॉमर्सटाउन वस्तीत जोसेफ ग्रँथम हा शिपाई दोन दारुड्यांचे भांडण सोडविण्यास मध्ये पडला. त्याला खाली पाडून डोक्यात लाथ मारण्यात आली व तो मरण पावला. कर्तव्य करीत असता मारला गेलेला लंडन पोलीसदलातील हा पहिला शिपाई. त्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी हा वध समर्थनीय ठरविला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच जॉन लाँग नावाचा दुसरा शिपाई रात्रीच्या गस्तीवर सुरी भोसकून मारला गेला. नोव्हेंबर १८३० मध्ये पोलिसांविरुद्ध पत्रके निघून शहरात इतका क्षोभ माजला की, राजाची ठरलेली शहरभेट रद्द करावी लागली. त्याच महिन्यात मंत्रिमंडळ गेले आणि पील गृहखात्यातून बाहेर पडले.

याहूनही बोलका प्रसंग १३ मे १८३३ चा. कोल्डबाथ फील्ड्स येथे कामगारवर्गाच्या संघाने बोलाविलेली सभा सरकारने बेकायदा ठरविली होती. पोलीस व जमाव यांची चकमक उडून रॉबर्ट कली हा शिपाई छातीत सुरी लागून मरण पावला आणि आणखी दोघे जखमी झाले. पंचांनी हाही वध समर्थनीय ठरविला. जमावास पांगण्याची रीतसर सूचना दिली नाही, सभा होऊ नये म्हणून आधी काळजी घेतली नाही, आणि पोलिसांचे वर्तन रानटी होते, अशी कारणे त्यांनी दिली. लोकांनी त्या पंचांचे सत्कार केले व त्यांच्या गौरवार्थ पदके पाडली. पुढे वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पण ज्याचा पुत्र वा पती गेला, त्या घराला त्या मिरवणुका पाहून काय वाटले असेल, हे आमच्या ज्ञातीतील पोलिसांच्या घरांना समजावून सांगावयास नको.

येथे सरकारला दोन मार्ग मोकळे होते. शिपायांच्या हाती बंदुका देऊन सूड घेता आला असता, किंवा शिपाई मागे घेता आले असते. प्रत्यक्षात दोन्ही झाले नाही. सत्तेवर आलेल्या विरोधी पक्षानेही पील यांची योजना मोडली नाही. पार्लमेंटाच्या समितीने कोल्डबाथ प्रकरणाची उघड चौकशी केली व पोलिसांनी अतिरेक केल्याचा आरोप फेटाळला. त्याच वर्षी, कामगारांच्या सभांत वेष पालटून शिरणाऱ्या व लोकांना चिथावणाऱ्या एका पोलिसाची चौकशी झाली, तेव्हा त्याला मात्र दोषी धरले व नोकरीतून काढले. निरपराध शिपायाला निर्दोष म्हणावयाचे व अपराधी शिपायाला पाठीशी घालावयाचे नाही, अशी ही रीत लोकांच्या हळूहळू ध्यानात आली. पुढे त्याच लोकांनी रॉबर्ट या नावावरून शिपायाला बॉबी हे लाडके नाव दिले. आजही लंडनचे बहुसंख्य शिपाई नित्याच्या गस्तीवर बंदूक बाळगीत नाहीत.

तथापि लोकांचे प्रेम मिळाले म्हणून शिपाई सुरक्षित झाला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. सद्भावनेने सुरी अडत नाही. धोक्याच्या वस्त्यांत रात्री तलवार देण्याची सोय दलाला ठेवावी लागली. उंच टोपी जाऊन १८६० नंतर शिरस्त्राण आले. फिरकीचा आवाज पुरेसा लांब जात नाही हे कळण्यास अर्धे शतक लागले व १८८० नंतर शिट्टी आली. पोलिसांना पेन्शनचा कायदेशीर हक्क १८९० साली मिळाला, म्हणजे दल स्थापन झाल्यावर एकसष्ट वर्षांनी. शिपायाकडून धैर्याची अपेक्षा आपण पहिल्याच दिवशी करतो, आणि त्याच्या जिवाची तरतूद मात्र पिढ्यान् पिढ्या लांबवितो. पील यांच्या योजनेतील हे वैगुण्य सांगितल्याशिवाय हे चरित्र प्रामाणिक होणार नाही.

पील पुढे दोनदा पंतप्रधान झाले. दुसऱ्या वेळची एक घटना आमच्या विषयाशी फार जवळची आहे. २० जानेवारी १८४३ रोजी डॅनियल मॅकनॉटन नावाच्या भ्रमिष्ट माणसाने पील समजून त्यांचे खाजगी चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी घातली. तो दुसरे पिस्तूल झाडणार, तोच जवळच्या गस्तीवरील शिपायाने त्याला कवटाळून धरले. ड्रमंड पाच दिवसांनी वारले. ज्या निःशस्त्र शिपायाची योजना पील यांनी केली, तसाच एक शिपाई त्यांच्याच वैऱ्याच्या पिस्तुलावर धावून गेला. आरोपी वेडाच्या भरात होता म्हणून न्यायालयाने त्याला खुनाच्या दोषातून मुक्त केले, आणि त्यातून निघालेला नियम पुढे आपल्याही दंडविधानात आला.

परदेशी धान्यावरील जकात १८४६ साली उठवून पील यांनी गोरगरिबांची भाकर स्वस्त केली. त्यासाठी स्वतःचा पक्ष दुभंगला व पंतप्रधानपद गेले, तरी ते डगमगले नाहीत. २९ जून १८५० रोजी घोड्यावरून पडून ते जबर जखमी झाले व २ जुलैला वारले. घराबाहेर साध्या कामकऱ्यांची गर्दी मूकपणे उभी होती, आणि त्यांच्या स्मारकासाठी गरिबांनी एकेक पेनी दिली. ग्रँथम शिपाई मारला गेला तोही दिवस २९ जूनच, बरोबर वीस वर्षांपूर्वीचा. हा योगायोग खरा, परंतु आम्हांस त्या दोघांचे स्मरण निराळे करवत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. पील यांची दोन अपत्ये : आयर्लंडचे सशस्त्र दल व लंडनचे निःशस्त्र दल. आपल्या वाट्यास पहिले आले. सर चार्ल्स नेपियर यांनी १८४३ साली सिंध प्रांतात आयर्लंडच्या धर्तीवर पोलीस उभे केले, आणि १८५७ नंतर जो १८६१ चा पोलीस कायदा झाला त्यातही तोच नमुना होता. परक्या राज्याने आपल्याच गरीब घरांतील मुलांना गणवेश चढवून आपल्याच लोकांपुढे उभे केले. त्याचे भयंकर फळ ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा येथे दिसले. पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, जमावाने ठाणे पेटविले व २२ पोलीस मेले. महात्माजींनी असहकाराची चळवळ थांबविली. पुढे १९ जणांना फाशी झाली. दोन्हीकडची घरे आपलीच उजाड झाली.

स्वराज्य आले, परंतु पोलीस म्हणजे परका ही जुनी भावना पुरती गेली नाही. आणि तरीही त्याच दलातील, सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी आपल्या हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि सहकाऱ्यांनी त्या अतिरेक्याला जिवंत पकडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या पराक्रमापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु शिपायाला छातीने गोळी अडवावी लागू नये, ही व्यवस्था करणे राज्याचे व समाजाचे काम आहे.

तर त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पील यांच्या चरित्रात असे सापडले. शिपायाला तीन कवचे लागतात. पहिले कवच साधनांचे व शिस्तीचे : मजबूत शिरस्त्राण, ढाल व चिलखती अंगरखा, मदत मागण्याचे यंत्र, एकट्याला न पाठविण्याचा नियम, नित्य सराव व पुरेशी झोप. हे सरकारने द्यावयाचे. दुसरे कवच लोकांच्या विश्वासाचे. हे शिपायाने स्वतः आपल्या संयमाने विणावयाचे, कारण एकाने विनाकारण उगारलेल्या काठीचे उट्टे दुसऱ्याच्या कपाळावर निघते. तिसरे कवच न्यायाचे : मारणारा जमावातला असो वा गणवेशातला, त्याची निःपक्षपाती चौकशी व्हावी, आणि जखमी शिपायाच्या घराला आधार मिळावा. यांपैकी एक जरी नसले तरी उरलेली दोन अपुरी पडतात. पील यांनी दुसरे कवच उत्तम विणले. पहिले अर्धेच झाले. तिसरे लोकांच्या ध्यानात येण्यास ग्रँथम व कली यांचे प्राण जावे लागले.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी ठेववत नाही. त्या दगडफेकीत पकडलेल्या मुलांत ज्ञातीतील एका घरचा मुलगाही होता. नाव सांगण्याचे कारण नाही. त्याचे वडील आमच्याकडे आले व मुलगा त्या वेळी आमच्या घरी अभ्यास करीत होता, असे लिहून द्या म्हणाले. मुलगा आमच्या ओळखीचा, स्वभावाने वाईट नव्हे. आपल्या माणसाला सांभाळावे, हाच तर ज्ञातिसंस्थेचा धर्म असे त्यांचे म्हणणे. आमचा हात क्षणभर लेखणीकडे गेला, हे कबूल करतो. परंतु सात टाके पडलेला तोही आपलाच होता. आम्ही लिहून दिले नाही. मुलाला घेऊन शिपायाच्या घरी जा, एवढेच सुचविले. ते उठून गेले, आणि त्या दिवसापासून आमच्याशी बोलत नाहीत. हा अंक त्यांच्याही घरी जाईल.

ज्ञातीचा अभिमान आम्हांसही आहे. तो गुणवंतांच्या यादीत दिसावा, गुन्हा झाकण्यात दिसू नये. आपल्या संस्थेने बंदोबस्तात जखमी होणाऱ्या ज्ञातिबांधवांच्या कुटुंबांसाठी एक लहानसा निधी उभारावा, आणि आपल्या मुलांपैकी कोणी दगड उचलला तर त्याला पाठीशी घालणार नाही, असा ठराव येत्या वार्षिक सभेत करावा, ही आमची नम्र सूचना आहे. निधीस आमच्या एका महिन्याच्या पेन्शनची रक्कम आम्ही आजच चिटणीसांकडे दिली आहे.

इत्यलम्.